नाळेचं देणं

खोलीचं दार आतून उघडत होतं, आणि धाकट्याची खरी पंचाईत तीच होती.

बाहेरून कुलूप असतं तर त्यानं दोन-चार लाथा घातल्या असत्या, शिव्या हासडल्या असत्या आणि शेवटी दमून गप्प पडला असता. पण इथे कुलूप नव्हतं की कडी नव्हती. मूठ खाली दाबली की पहिलं दार उघडायचं. मग हात धुवायची आणि झगे चढवायची एवढीशी मधली खोली, आणि तिच्या पलीकडे दुसरं दार, तेही तसंच साधं. त्याच्या पलीकडे दवाखान्याचा कॉरिडॉर, जिना, रस्ता, दुकानं, सगळं जग. जायला कुणाची मनाई नव्हती. फक्त त्याच्या रक्तात या घडीला पांढरी पेशी औषधालासुद्धा उरली नव्हती, त्यामुळे बाहेर कुणी नुसतं शिंकलं असतं तरी ती शिंक त्याला पुरली असती. म्हणून तो रोज सकाळी उठून स्वतःला स्वतःच कोंडून घ्यायचा, आणि हे काम भलतंच जड होतं.

धाकटा म्हणजे लिफ्टदुरुस्तीच्या जोडीतला धाकटा. थोरला त्याचा सख्खा भाऊ. नावं दोघांनाही होती, पण ती कुणी वापरायचं नाही. धाकट्याची बायकोसुद्धा रागावली की "अहो धाकटे" म्हणायची, आणि मग समजायचं की आज काही खरं नाही.

कुठल्या इमारतीत लिफ्ट मध्येच अडकली की बोलावणं या दोघांना. वाटणी ठरलेली होती. धाकटा वर मशीनच्या खोलीत चढायचा, ब्रेक सैल करायचा आणि मोटरचं चाक हातानं फिरवत लिफ्ट जवळच्या मजल्याला आणून लावायचा. थोरला खाली दारापाशी उभा राहून आत अडकलेल्यांशी बोलायचा. बस्स, बोलायचा. किती जण आहात, खाली बसा, जेवण झालं का, मुलं काय करतात. माणसं आत घामाघूम, आणि हा त्यांना भाजीत मीठ नीट पडलं होतं का ते विचारतोय. धाकट्याला हे काम वाटायचंच नाही. "मी वर हाडं मोडतो आणि हा खाली गप्पा छाटतो," असं तो चारचौघांत बोलून दाखवायचा. थोरला हसून सोडून द्यायचा.

धाकट्याची आणखी एक खोड होती. कुणाचे उपकार त्याला अंगावर ठेवून घेता येत नसत. शेजाऱ्यानं शिडी दिली तर परत करताना हा त्याच्या दाराची करकर घालवून यायचा, आणि हात झटकून म्हणायचा, "चला, फिट्टंफाट." ते झाल्याशिवाय त्याला झोप लागायची नाही. "तू आईच्या दुधाचंसुद्धा फिट्टंफाट करून आला असशील," असं थोरला म्हणायचा.

असल्या माणसावर वेळ आली ती नेमकी अशी.

आधी जिने चढताना धाप लागायला लागली. मग अंगावर कुठे काही लागलेलं नसताना काळेनिळे डाग उठले. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं, तिथलं काम जवळपास बंद पडलंय. दुसऱ्या कुणाच्या तरी पेशी आणून पेरायला हव्यात, नाहीतर दिवस थोडे. थोरल्यानं तिथल्या तिथे बाही वर केली. "माझ्या घ्या. हव्या तेवढ्या घ्या." त्याचं रक्त तपासलं. जुळलं नाही. थोरला डॉक्टरीणबाईंशी भांडला, "एका आईच्या पोटचे आम्ही, आणि जुळत नाही म्हणजे काय? तुमचं मशीन तपासा." मशीनला काही झालेलं नव्हतं. त्या दिवसापासून तो दवाखान्यात यायचा आणि कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून राहायचा. भावाच्या खोलीला कॉरिडॉरकडून काच होती, पण तिच्यापाशी येऊन भिंतीवरच्या फोनवर त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. ज्याच्या जिभेला कधी विश्रांती माहीत नव्हती तो माणूस मूग गिळून बसला. धाकट्याला वाटलं, हा रुसला. आपलं रक्त नाकारलं गेल्याचा राग माझ्यावर काढतोय.

देणारा कुठेच जुळेना, तेव्हा डॉक्टरीणबाई एक दिवस हसतमुखानं आल्या. "मिळालं. नाळेचं रक्त आहे."

"म्हणजे?"

"बाळ जन्माला आलं की नाळ कापतात. कापून झाल्यावर नाळेत आणि वारेत थोडं रक्त उरतं. एरवी ते वारेबरोबर टाकून देतात. पण आई हो म्हणाली तर ते काढून घेता येतं. बाळाला टोचावं लागत नाही, आईला कळतसुद्धा नाही. ते गोठवून रक्तपेढीत ठेवतात. कुणाला लागलं की तयार असतं."

"आणि ते मला जुळलं? माझ्या भावाचं जुळत नाही आणि कुण्या परक्या बाळाचं जुळतं?"

"पूर्ण नाही जुळत. पण बाळाच्या पेशी नवख्या असतात, परक्या घरातसुद्धा फार भांडत नाहीत. मोठ्या माणसाचं इतपतच जुळलं असतं तर मी हातही लावला नसता. पिशवी चांगली भरलेली आहे आणि तुम्ही अंगानं काडी, म्हणून एकीत भागतंय."

"माझी बायको पोटुशी आहे. आमच्याच बाळाचं घ्या ना."

"त्याला अजून अवकाश आहे. तुम्हाला तेवढा नाही."

मग त्याच्या हाडांतली उरलीसुरली मज्जासुद्धा औषधांनी जाळली. नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून जुनं सगळं पाडायचं असतं. परतीचा रस्ता बंद झाला आणि मग ती पिशवी आली. केवढीशी होती! आपल्या जिवासाठी काहीतरी मोठं, भारी येणार असं त्याच्या मनात होतं, आणि स्टँडला टांगलेली ती लाल पिशवी तळहातात मावली असती. सिस्टर कप धुवून ठेवते न ठेवते तोवर सगळी संपलीसुद्धा. खोलीभर उकडलेल्या मक्यासारखा वास पसरला. तो गोठवायच्या औषधाचा, असं सिस्टर म्हणाली.

"कुणाचं बाळ होतं?" त्यानं विचारलं.

"ते आम्हालाही सांगत नाहीत. मुलगी होती एवढंच माहीत आहे."

"नाव नाही, गाव नाही?"

"नाही. आणि या पेशी रुजायला वेळ घेतात बरं का. मोठ्यांच्या लवकर कामाला लागतात. या सावकाश."

"बाळच ते," धाकटा म्हणाला, "रांगत रांगतच येणार." त्या दिवशी त्याला विनोद सुचत होते.

पुढे ते आटले. नव्या पेशी दिसतात का ते तपासायला सिस्टर सकाळी रक्त घेऊन जायची, दुपारी तोंड आत घालून म्हणायची, "आज नाही." दुसऱ्या दिवशी, "आज नाही." तिचा आवाज गोड होता आणि त्यामुळे ते जास्तच लागायचं. तोंडात फोड आले, पाणीसुद्धा काचा गिळल्यासारखं उतरायचं. ताप यायचा, जायचा, परत यायचा. छतातून गाळलेली हवा सोडणारं यंत्र अखंड घुरघुरायचं. खिडकी होती, पण ती उघडत नव्हती, आणि तिच्यातून दिसायची ती समोरच्या भिंतीवरची पाइपांची रांग. धाकट्यानं ते सगळे पाइप पाठ केले. कुठल्या सांध्याला गंज चढलाय, कुठला पाना लावावा लागेल, सगळं. जन्मभर दुसऱ्यांना पेट्यांतून सोडवलेल्या माणसाला आता एक पेटी मिळाली होती, आणि हातात साधा स्क्रूड्रायव्हर नव्हता. त्याला भीती वाटायची. मरणाची वाटायची ती वेगळी, पण आपण इथे नुसते पडून आहोत आणि आपल्याला करण्यासारखं काहीही नाही, या गोष्टीनं तो आतून पिसाळला होता.

बायको काचेपलीकडे यायची. तिचे दिवस भरत आले होते. कितीतरी वर्षं वाट पाहून, डॉक्टर, औषधं, सगळ्यांचा नाद सोडल्यावर हे मूल राहिलं होतं, आणि त्यानंतर लगेच याचं दुखणं निघालं होतं. ती भिंतीवरचा फोन कानाला लावायची आणि दुसरा हात पोटावर ठेवायची.

"खाल्लंत?"

"खाल्लं."

"खोटं."

"अगं, दोन चमचे गेले."

असं बोलणं चालायचं. एकदा ती नेहमीपेक्षा चटचट चालत आली आणि फोन उचलायच्या आधीच काचेआडून बोलायला लागली. त्यानं फोनकडे बोट दाखवलं तेव्हा भानावर आली.

"अहो, ऐका. बाळंतपणाच्या वॉर्डात विचारतात, नाळेचं रक्त द्याल का म्हणून. आपल्या बाळाचं आपण देऊ या. मी त्या बाईंना सांगून आले, लगेच देते म्हणून."

धाकटा पलंगावर उठून बसला. कित्येक दिवसांत तो असा कुणाचा हात न धरता उठला नव्हता. "खरंच घेतील?"

"का नाही घेणार? तुम्हाला एक मिळालं, आपण एक द्यायचं."

त्या दिवशी त्यानं पातळ भाताची अर्धी वाटी संपवली. एक अनोळखी तान्ही पोर त्याच्या छातीवर बसली होती, तिचे आभार मानता येत नव्हते, तिच्या आईच्या दाराची करकर घालवता येत नव्हती, आणि आता एकदम मार्ग सापडला होता. त्यांचं एक, आपलं एक. फिट्टंफाट! सिस्टरनं "आज नाही" म्हटलं तरी तो म्हणायचा, "नसेना. आमचं बाळ येऊ दे, मग बघा." जणू हिशोब चुकता झाला की पेशीही लाजून उगवणार होत्या. त्याच्या मनानं तसंच धरलं होतं.

मग एक दिवस बायको काचेपाशी आली आणि दिवसभराच्या फालतू गोष्टी सांगत बसली. नळ गळतो, शेजारची मांजर व्यायली. धाकट्यानं तिला ओळखलं.

"काय झालं ते सांग."

"काही नाही."

"अगं सांग."

तिनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. "नाळेचं रक्त आपलं नाही घेत म्हणाले. बाळाच्या वडिलांना रक्ताचा आजार असला की घेत नाहीत. बाळाला काही आहे असं नाही हो, मी दहादा विचारलं. पण दुसऱ्या आजारी माणसाच्या अंगात घालायचं, म्हणून शंकेलासुद्धा जागा ठेवत नाहीत."

धाकटा खिडकीबाहेरचे पाइप मोजायला लागला.

"बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "आपल्यालाही त्यांनी तसंच पारखून दिलं असेल ना?"

बरोबर होतं, म्हणूनच तो चिडला. चुकीचं असतं तर भांडता आलं असतं. त्यानं फोन ठेवून दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. काय माणूस आहोत आपण? घेऊ शकतो आणि देऊ शकत नाही. मरेपर्यंत कुणाचं तरी अंगावर घेऊन जगायचं, आणि जगू की नाही तेही ठाऊक नाही. बायको काचेपलीकडे बराच वेळ उभी राहिली. मग तिनं कंबरेला हात लावला आणि हळूहळू चालत गेली. ते त्यानं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर आत आली ती "आज नाही" न म्हणताच. "तुमच्या मिसेसना कळा सुरू झाल्यात. खाली आणलंय. दिवस भरायच्या जरा आधीच, पण सगळं ठीक आहे. तुम्ही शांत पडून राहा." आणि ती दुसऱ्या खोलीची घंटा वाजली म्हणून घाईनं निघून गेली.

शांत पडून राहा!

खाली म्हणजे दोन मजले खाली. धाकट्याला या इमारतीच्या लिफ्ट ठाऊक होत्या, त्यांतली एक त्यानंच दुरुस्त केली होती. जिन्यानं गेलं तरी किती वेळ लागणार? तो उठला. सलाइनच्या स्टँडला चाकं होती, तो बरोबर येणार होता. त्याचं डोकं अगदी स्वच्छ चालत होतं, निदान त्याला तसं वाटत होतं. पेशी यायच्याच नसतील तर इथे पडून राहून काय साधतंय? त्यापेक्षा एकदा पोराचं तोंड बघतो, तिच्या हाताला हात लावतो. मग जे व्हायचं ते होऊ दे. त्यानं मूठ खाली दाबली. दार उघडलं. मधल्या खोलीत आला आणि त्याच्यामागे दार आपोआप लागलं. त्यानं दुसऱ्या दाराच्या मुठीवर हात ठेवला.

त्या दाराला डोळ्यांच्या उंचीवर काचेची पट्टी होती. तिच्यात थोरल्याचं तोंड होतं.

"किती जण आहात आत?" थोरल्यानं दारापलीकडून विचारलं.

धाकटा दचकला. किती दिवसांनी हा आवाज ऐकत होता तो! "दादा, बाजूला हो."

"किती जण आहात, ते विचारलं मी."

"एकटा आहे. दिसत नाही का?"

"एकटा कसा? दोघं आहात."

"डोकं फिरलंय तुझं. हो बाजूला, ती खाली एकटी आहे."

"तिच्यापाशी तिची आई आहे, माझी बायको आहे. तुझ्यापाशी ती पोरगी आहे. कुणाच्या तरी तान्ह्या मुलीचं रक्त घालून घेतलंस ना अंगात? तू मरायला मोकळा आहेस, धाकट्या, मी तुझे पाय धरणार नाही. पण तिला घेऊन कुठे निघालास?"

धाकट्यानं मुठीवरचा हात काढला नाही. पण दाबलाही नाही.

"खाली बस," थोरला म्हणाला.

"मी लिफ्टमधला माणूस नाही, दादा."

"आहेस. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलायस. बस खाली. स्टूल असेल बघ तिथे."

स्टूल होतं. पायांत त्राणच राहिलं नव्हतं, म्हणून धाकटा बसला. तो हुकमानं बसला असं त्यानं पुढे कधीही कबूल केलं नाही.

"जेवलास?"

"गिळवत नाही. तोंड सोललंय सगळं."

"काय दिलं होतं?"

"पातळ भात."

"मीठ होतं त्यात?"

धाकट्याला हसू आलं, आणि हसताना फोड ताणले गेले म्हणून डोळ्यांत पाणीही आलं. निदान त्यानं स्वतःला तेच कारण सांगितलं. "इतके दिवस एक अक्षर नाही बोललास," तो म्हणाला. "बाकावर बसून राहायचास. रुसला होतास माझ्यावर."

"रुसेन कशाला? तोंड दाखवायला लाज वाटत होती." थोरल्याचा आवाज खाली आला, दारातून जेमतेम ऐकू येत होता. "मला वाटलं होतं, मी देईन आणि तू उठशील. इतकं सोपं. माझं जुळलंच नाही. मग तुला काय सांगू? येऊन काय करू? मला दुसरं काय येतं?"

"गप्पा येतात."

"हो. त्याच येतात. ती जुनी सात मजली इमारत आठवते? तो माणूस दार फाकवून मधूनच बाहेर पडला होता?"

"पाय मुरगळला होता त्याचा."

"पाय नव्हता मुरगळला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये होती. मी सांगत होतो, बसा, आलीच. त्याला घाई होती. त्यानं दार फाकवलं, खाली उतरायला गेला आणि लिफ्टच्या खालच्या फटीतून सरळ तळाला गेला. मी समोर उभा होतो. तू वर चाक धरून होतास, तुला काही कळलं नाही. मी कळू दिलं नाही. कळलं असतं तर तू परत चाकाला हात लावला नसतास."

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. त्या काचेच्या पट्टीत भावाचे डोळे तेवढे दिसत होते. इतकी वर्षं या माणसाला आपण गप्पिष्ट म्हणून हिणवत आलो, आणि हा एकटा ते पोटात घेऊन रोज नव्या दारापुढे उभा राहत होता. आपल्या अंगावर याचंही केवढं होतं, आणि आपण खुशाल हात झटकून झोपत होतो.

"अडकून कुणी मरत नाही रे," थोरला म्हणाला. "आता उठ आणि तुझ्या त्या दारानं आत जा. मी काचेपाशी येतो. खालची खबर मी तुला फोनवर सांगतो, शब्द न् शब्द. तू कंटाळशील इतकं सांगतो."

धाकटा उठला. मूठ धरली ती मागच्या दाराची.

आणि थोरल्यानं खरंच वीट आणला. एका कानाला आपला मोबाइल, दुसऱ्याला भिंतीवरचा फोन, आणि खालून त्याची बायको काय सांगते ते वर, वरून धाकटा काय विचारतो ते खाली. मधल्या वेळात स्वतःची भर. सिस्टर येऊन आधी धाकट्याला रागावली, मग थोरल्याला रागावली, मग तीही तिथेच उभी राहिली. शेवटी थोरल्यानं मोबाइल भिंतीवरच्या फोनला टेकवला, आणि दोन मजले खालून एक चिरका, संतापलेला आवाज वर आला.

"मुलगा," थोरला म्हणाला. "आवाज तुझ्यावर गेलाय. कुणाचं ऐकून घेणाऱ्यातला नाही."

धाकटा रडला. थोरल्यानं तेव्हा मात्र काहीही म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी ताप चढला आणि दोन दिवस उतरला नाही. मधल्या खोलीतली हवा बाधली असेल, नसेल. डॉक्टरीणबाईंनी औषधं वाढवली आणि तोंडानं काही न म्हणता त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं कानाला खडा लावला. सिस्टरचं "आज नाही" चालूच होतं. बायकोला वर यायची परवानगी नव्हती, ती खालच्या वॉर्डातून फोन करायची.

"एक गंमत सांगू?" ती म्हणाली. "माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई आहे. पोट फाडून बाळंत करणार होते तिला. तिला त्या नाळेच्या रक्ताचं विचारलं तर नाही म्हणाली. तिच्या सासूनं डोक्यात भरवलं होतं, बाळाच्या अंगातलं काढतात, पोर अशक्त होतं. मी म्हटलं, अहो बाई, बाळ बाहेर, नाळ कापलेली, त्या उरलेल्यात त्याचं काय आहे? टाकूनच देणार आहेत ते. तर म्हणाली, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, माझा नवरा वर पडलाय, त्याच्या अंगात तेच घातलंय."

"मग?"

"मग ती म्हणाली, आणि वाचतो का त्यानं माणूस?"

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, वाचला की."

"अगं, पण माझ्या अजून काही..."

"दिली तिनं. आज सकाळी मुलगी झाली तिला, आणि पिशवी भरून गेली रक्तपेढीत. मी डोळ्यांनी पाहिली."

"तू खोटं सांगितलंस तिला."

"नाही सांगितलं." आता तिचा आवाज थरथरला. इतके दिवस काचेपलीकडे तो कधी थरथरला नव्हता. "मी खोटं नाही बोलले. आणि अहो, तुम्ही मला खोटी पाडू नका. ऐकताय ना? त्या बाईनं माझ्या शब्दावर दिलंय. मला खोटी पाडू नका."

त्या दिवसापासून धाकटा दोन चमच्यांवर थांबला नाही. काचा गिळाव्यात तसा तो भात गिळायचा, घुटका न् घुटका, आणि पुढचा घास घ्यायचा. दाराकडे बघायचा नाही. भीती गेली नव्हती आणि खोलीही तसूभर मोठी झाली नव्हती. पण आता पडून राहणं हेच काम आहे हे त्याला पटलं होतं, आणि काम म्हटलं की तो ते करायचा.

सिस्टर "आज नाही" म्हणत राहिली. मग एका दुपारी ती दारात येऊन उभी राहिली आणि काहीच म्हणेना.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"दिसल्यात," ती म्हणाली. "थोड्या आहेत. पण आहेत. दोनदा तपासून घेतलं."

त्यानं फोन उचलून घरचा नंबर लावला. बायको आता घरी होती, पोराला पाजत होती.

"आल्या," तो म्हणाला.

पलीकडे बराच वेळ नुसतं मुसमुसणं ऐकू आलं.

"तिला सांग," तो म्हणाला. "तू खोटं नव्हती बोललीस म्हणावं. आजच्या आज सांग."

"कुणाला?"

"त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला."

"अहो, ती तर कधीच घरी गेली. नाव नाही विचारलं मी. तिनंही माझं विचारलं नाही. पोरं रडत होती दोघींची, कुणाला सुचतंय तेव्हा?"

"म्हणजे तिला कळणारच नाही?"

"नाही." तिनं नाक पुसलं. "ती मात्र जाताना मला म्हणाली, तुमच्या माणसाला बरं वाटलं हे ऐकून खूप छान वाटलं."

धाकटा पलंगावर बसला होता. त्याला त्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढे आणता येईना, आणि त्याआधीच्या त्या पहिल्या बाईचा तर नाहीच नाही. दोघी कुठल्यातरी घरांत आपापल्या मुली मांडीवर घेऊन बसल्या असतील, आणि दोघींना आजचं काहीच माहीत नसेल.

"ऐकताय ना?" बायकोनं विचारलं. "हा रडतोय बघा. फोन त्याच्याजवळ ठेवते, बोला त्याच्याशी काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही बोला हो. त्याला काय कळतंय?"

धाकट्याला आयुष्यात कधी कुणाशी उगाच बोलता आलं नव्हतं. त्यानं घसा खाकरला आणि पोराला विचारलं, पोट भरलं का.